अडतीस किलो आणि मिठाचा वास

माझं वजन एकशे बारा किलो होतं तेव्हा लोक हमखास विचारायचे, "सुवर्णाताई, तुम्ही तर नैवेद्याचं चाखतसुद्धा नाही, मग एवढ्या जाड कशा?" मी म्हणायचे, "देवीचं झालं की माझं सुरू होतं." खोटं कशाला बोला? कुसगिरीच्या वाघजाई देवस्थानात मी सव्वीस वर्षं स्वयंपाक करते आहे. रोजची पाचशे पानं, यात्रेला तीन हजार. शेवटची पंगत उठली की दुपारी तीनला मी पाटावर बसायचे. समोर उरलेला भात, शिरा, वर तूप. मी कधी हात आखडता घेतला नाही आणि त्याची लाजही बाळगली नाही.

आमच्या स्वयंपाकघराचा नियम साधा आहे. देवीला नैवेद्य दाखवेपर्यंत पदार्थ कुणी चाखायचा नाही. चाखला की उष्टा झाला. मग भले हंडाभर आमटी असो, ती टाकून द्यायची. म्हणून मीठ बघायचं ते वासावर. सासूबाईंनी मला शिकवलं होतं: झाकण काढायचं, हाताने वाफ नाकाशी ओढायची, आणि पोटात कावळे कोकलत असतील तेव्हाच ओढायची. खाऊनपिऊन आलेल्या बाईने हंड्यापाशी उभंच राहायचं नाही.

"मिठाला कुठं वास असतो?" म्हणून शहरातली माणसं हसतात. माझी लेक ऋतुजा डॉक्टरकी शिकायला लागली तेव्हा तीही आधी हसली, मग पुस्तकं बघून आली आणि म्हणाली, "आई, तुझं बरोबर आहे गं." मिठाला वास नसतोच. पण आमटीत मीठ विरघळलं की पाणी मिठाला धरून बसतं आणि वासाच्या कणांना बाहेर ढकलतं. म्हणून मीठ पडलेल्या आमटीची वाफ जास्त बोलकी असते. हे शास्त्र सासूबाईंना ठाऊक नव्हतं, पण त्यांची आमटी उभ्या आयुष्यात एकदाही अळणी झाली नाही.

मग तीळ आला.

तीळ हे लोकांनी ठेवलेलं नाव. कंपनीने दिलेलं नाव लांबलचक आहे, ते कुणी घेत नाही. तिळाएवढा एक दाणा मानेत डाव्या बाजूला कातडीखाली बसवतात. पंधरा मिनिटांचं काम. पोटाची खबर मेंदूला नेणारी एक मोठी नस तिथून जाते. तीळ त्या नसेला धरून मेंदूला दिवसभर एकच गोष्ट सांगत राहतो, की पोट भरलंय. माणूस दीड भाकरीत हात धुतो. वर्षभरात वजन उतरतं आणि उतरलेलं तिथेच राहतं. दहा वर्षांत निम्म्याहून जास्त तालुका बारीक झाला. साखरेचा आजार कमी झाला, गुडघ्यांची ऑपरेशनं कमी झाली. हे चांगलंच झालं, मी कुठे नाही म्हणते? ऋतुजाने स्वतः एकोणिसाव्या वर्षी तीळ बसवून घेतला, आणि पुढे कराडच्या दवाखान्यात लोकांना तोच बसवून द्यायचं काम करू लागली.

आमच्या ह्यांनीही बसवला. पूर्वी घरी मटणाला फोडणी पडली की हे शेजारच्या आळीतून गप्पा सोडून यायचे. आता ताट पुढ्यात ठेवलं तरी विचारतात, "काय केलंयस?"

कारण असं, की रिकामं पोट एक संप्रेरक सोडतं. ते मेंदूत भूक जागी करतं आणि त्याच वेळी नाकही तिखट करतं. भुकेल्या जनावराला अन्न सापडावं म्हणून निसर्गाने ही दोन कामं एकाच दोरीला बांधली आहेत. तिळाने भूक निजवली की नाकही पेंगतं. माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय: गंधज्ञानात किंचित घट संभवते.

कार्तिकात विमा कंपनीचं पत्र आलं. आमचे व्यवस्थापक घोरपडे साहेब मला कचेरीत बोलावून म्हणाले, "पुढच्याच्या पुढच्या वैशाखात आपला विमा नवा होईल. ज्यांचं वजन उंचीच्या मानाने जास्त आणि मानेत तीळ नाही, त्यांना भट्टीवर उभं करता येणार नाही. तुमच्या उंचीला चौऱ्याहत्तर किलोची मर्यादा आहे. मला आत्तापासूनच धोका नको; तोवर तुम्ही भाजीच्या शेडमध्ये बसा, हंडे तुमच्या जोडीच्या मालनताई बघतील. किंवा सरळ तीळ बसवा. फुकट आहे."

"वजनच उतरवायचं हाय न्हवं? उतरवती की. कमी खाती, चालती."

घोरपडे साहेब हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "अडतीस किलो? नुसतं खाणं आणि व्यायाम? असं आता कोण करतं, ताई?"

"मी करती."

ऋतुजा हसली नाही. ती चिडली. रविवारी घरी आली, माझ्यासमोर ठाण मांडून बसली आणि रुग्णाला समजावतात तसं समजावू लागली. "आई, शरीराने मनात एक वजन धरलेलं असतं. तू त्याच्या खाली गेलीस की त्याला वाटतं दुष्काळ पडला. ते खर्च कमी करतं. तू जेवढी चालशील त्याला आधीपेक्षा कमी शक्ती लागेल. भूक दुप्पट होईल. चरबीच्या पेशी मरत नाहीत, रिकाम्या होऊन बसतात आणि परत भरायची वाट बघतात. शंभरातली ऐंशी माणसं पाच वर्षांत होती तिथेच येतात."

"मग वीस येत न्हाईत. त्यातली मी."

"हा हट्ट आहे."

"व्हय. हट्टच हाय. एकशेबारा किलोची व्हते तवा बी मी कुणाच्या बापाचं खात न्हवते, आन् आता उतरवीन ती बी कुणाच्या बापाला भिऊन न्हाई. मला माझं नाक पायजे. हंड्याशी उभं ऱ्हायचं म्हंजी नाक लागतं, ऋतू. ते गेलं तर मी तिथं कोण?"

तिने पिशवी उचलली. पण जाताना उंबऱ्यात म्हणाली, "गुडघे गेले तर माझ्याकडे येऊ नकोस." मला लागलं ते. पण तिला दिसू दिलं नाही.

देवीचं मूळ ठाणं डोंगरावर आहे, खालून सहाशे चाळीस पायऱ्या. पहिल्या दिवशी अठ्ठावन्न चढले आणि पायरीवर बसले ती अर्धा तास उठलेच नाही. पूजेला जाणाऱ्या दोन बारीक बायका माझ्याकडे बघून थांबल्या. "काकी, बरं न्हाई का?" म्हणाल्या. कुणीतरी घाम येईस्तोवर डोंगर चढतंय, हे त्यांच्या डोक्यातच येईना.

खाणं ठरवलं. सकाळी ज्वारीची एक भाकरी, मटकीची उसळ, भाजी हवी तेवढी. दुपारी ताक आणि भात मूठभर. संध्याकाळी परत भाकरी आणि डाळ, सूर्य मावळायच्या आत. शिरा बंद, गूळ बंद, येता-जाता तोंडात टाकायचे शेंगदाणे बंद. ते शेंगदाणे सोडताना मला जेवढा त्रास झाला तेवढा माहेर सोडताना झाला नव्हता. वजन करायला गोदामातला पोत्यांचा काटा होता. दर सोमवारी तांदळाचं पोतं उतरवून मी त्यावर उभी राहायचे, आणि गोदामातला माणूस दुसरीकडे बघायचा.

सात महिन्यांत एकवीस किलो उतरले. सगळ्या पायऱ्या चढू लागले. आणि मग काटा एक्याण्णववर जाऊन जो बसला तो बारा आठवडे हलला नाही.

ऋतुजा म्हणाली होती ते सगळं झालं. अंगात कणकण, हात गार, डोक्यात दिवसभर जेवण. भूक म्हणजे काय ते मला पन्नाशीत कळलं. भोपळ्याच्या फोडी करता करता मी रडले. शेजारी ह्यांचं ताट असायचं, अर्धं टाकलेलं. त्यांना माझी भूक कळेना आणि मला त्यांचं न भुकेजणं कळेना. एकदा ते म्हणाले, "कशाला जिवाचे हाल करतीस? बसवून टाक की." मी ताट उचलून गोठ्यात म्हशीपुढे ठेवलं. निदान तिला तरी चव कळते, म्हटलं. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं.

शेवटी मीच ऋतुजाला फोन केला. वाटलं होतं, आता म्हणेल, बघ सांगितलं होतं. तिने आधी माझं सगळं खाणं विचारून घेतलं. मग म्हणाली, "रोज चढतेस ना? रिकामी चढू नकोस. पाठीवर ओझं घे. पाच किलोपासून सुरू कर. स्नायू वाढले की ते बसल्या जागी शक्ती जाळतात. आणि डाळ वाढव, भात नाही." त्या दिवसापासून वरच्या ठाण्याचे तांदूळ मी पाठीवरून न्यायला लागले. पाच किलो, मग आठ, मग बारा. तेराव्या आठवड्यात काटा नव्वदवर आला. मी गोदामातच ओरडले. त्या माणसाने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी माघात ऋतुजाचा फोन आला. ती गरोदर होती. गरोदरपणात तीळ बंद ठेवावा लागतो, तसा नियमच आहे. तिचा बंद केल्याला तीन आठवडे झाले होते.

"आई," ती म्हणाली, "मला भूक लागलीय." आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. "एवढी लागते? आणि वास! दवाखान्यातल्या फिनेलचा, पेशंटच्या पिशवीतल्या पेरूंचा. नऊ वर्षं हे सगळं कुठे होतं गं?"

मी म्हटलं, "इथंच व्हतं बाळा." दुसरं काय बोलणार? मला तिची कीव आली आणि आनंदही झाला.

चैत्री पौर्णिमेला आमची यात्रा. माझं वजन तेव्हा शहात्तर होतं, अजून दोन किलो उतरायचे होते. मी भाजीच्या शेडमध्ये कोबी चिरत होते. अकराच्या सुमाराला वारा फिरला आणि स्वयंपाकघराकडून आमटीचा वास आला. मी सुरी खाली ठेवली.

आंबूस वास होता. मसाल्याखाली, फोडणीखाली, अगदी तळाला, पण होता. आदल्या संध्याकाळी वाटून ठेवलेलं खोबरं. संध्याकाळी चार तास वीज गेली होती हे सगळ्या गावाला माहीत होतं.

मी आत गेले. घोरपडे साहेब नैवेद्याचं ताट घेऊन जाणाऱ्या पुजाऱ्यांसोबत उभे होते. "साहेब, आमटी काढू नका. वाटण आंबलंय."

त्यांनी शीतखोलीच्या दाराकडे बोट केलं. "यंत्र हिरवा दिवा दाखवतंय."

"यंत्र आत्ताचं सांगतंय. काल सांजेला बंद व्हतं तवाचं कोण सांगणार?"

"मालनताई, तुम्हाला येतो काही वास?"

मालनताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, आणि तिळाने अठ्ठ्याण्णववरून बासष्टवर आलेली. तिने हंड्यावर वाकून बघितलं. "न्हाई बा." मग भट्टीवरच्या बाकीच्या तिघींनी बघितलं. न्हाई, न्हाई, न्हाई.

यात्रेला आलेली ऋतुजा मला शोधत दारात आली आणि तिथेच ओढणी नाकाला लावली. "आई, काय आंबलंय हे?"

"डॉक्टर," घोरपडे साहेब म्हणाले, "पोटुशी बाईला सगळ्याचाच वास येतो."

"उकळल्यावर जंतू मरतात साहेब, त्यांनी सोडलेलं विष मरत नाही. तीन हजार माणसं आहेत बाहेर."

"पुरावा द्या. नुसत्या वासावर मी तीन हजारांची आमटी फेकू? बारा वाजता नैवेद्य आहे."

देवळातली घंटा सुरू झाली. पुजाऱ्यांनी वाटी पुढे केली. मला एकच गोष्ट करता येत होती, आणि ती मी सव्वीस वर्षांत कधी केली नव्हती. सासूबाईंनी केली नव्हती, त्यांच्या सासूने केली नव्हती. मी पळी हंड्यात बुडवली, सगळ्यांच्या देखत तोंडाला लावली आणि प्यायले. मग तीच उष्टी पळी दुसऱ्या हंड्यात बुडवली, तिसऱ्यात बुडवली.

"झाली उष्टी," मी म्हटलं. "आता तर फेकाल?"

पुजाऱ्यांच्या हातून वाटी पडली. घोरपडे साहेब पांढरेफटक झाले. ऋतुजाने मला मोरीकडे ओढत नेलं आणि ओकायला लावलं, पण त्याआधी एका बाटलीत आमटी भरून घेतली. देवीला त्या दिवशी दहीभात दाखवला, आणि लोकांनी घाईघाईने शिजवलेला वरण-भात खाल्ला.

मला कामावरून थांबवलं. नैवेद्य बाटवला म्हणून गावात चार तोंडं चौदा बाजूंनी बोलली. मला दोन दिवस जुलाब झाले. मला भलतंच बरं वाटलं, कारण तो माझ्यापुरता पुरावा होता. ह्यांनी मला ताक करून दिलं आणि म्हणाले, "मला काय वास आला नसता सुवर्णा. मी ती खाल्ली असती." एवढंच बोलले, पण दीड वर्षात त्यांच्या तोंडून ऐकलेलं तेच सगळ्यात मोठं वाक्य होतं. आठ दिवसांनी तपासणीचा अहवाल आला. आमटीत विष होतं, आणि ते तीन हजार पानांवर जायचं होतं. गावाची तोंडं एका दिवसात मिटली, आणि मला परत भाजीच्या शेडमध्ये घेतलं.

वैशाखाच्या शेवटच्या सोमवारी गोदामात सगळ्यांसमोर माझं वजन झालं. घोरपडे साहेब होते, मालनताई होती, सरकारमान्य डॉक्टर म्हणून सही करायला सातवा महिना लागलेली ऋतुजा होती. काटा त्र्याहत्तर सहाशेवर थांबला. अडतीस किलो आणि वर चारशे ग्रॅम. मी काट्यावरून उतरले आणि पदर खोचला.

घोरपडे साहेबांनी मनापासून हात जोडले. यात्रेबद्दल माफी मागितली. आणि मग पाकिटातून कागद काढला.

"नवीन नियम आलाय, ताई. तीळ न बसवता उतरवलेलं वजन विमा कंपनी धरत नाही. परत वाढतं म्हणे. तेवढा तीळ बसवून घ्या, म्हणजे टिकेल. इथे सही करा आणि उद्यापासून हंडे तुमचे."

मला हसू आलं. दीड वर्ष डोंगर चढून मी परत त्याच पायरीवर आले होते.

"डॉक्टर, तुम्ही सांगा," ते ऋतुजाकडे वळले. "हे वजन असंच राहील याची हमी आहे?"

ऋतुजाने माझ्याकडे बघितलं. "नाही," ती म्हणाली. "कुणीच देऊ शकत नाही. तिला रोज झगडावं लागेल. मरेपर्यंत."

खरं बोलली माझी लेक. मला तिचा अभिमान वाटला.

"ऐकलं साहेब? मी रोज झगडायला तयार हाय. वाढलं तर परत उतरवीन. पर ह्या मानंला कुणी हात लावायचा न्हाई." मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं. नैवेद्याची वेळ होत आली होती. "सकाळपासनं मी हितंच हाय. काय तरी खुसपट निघंल वाटलंच व्हतं, म्हनून दोन पातेली उतरवल्यात. एकच आमटी, एकाच हंड्यातली. एकात मीठ हाय, एकात न्हाई. चाखल्याबगर सांगा कुठलं देवीम्होरं न्यायचं. सांगितलं की सही करती."

घोरपडे साहेब वाकले. एकाचा वास घेतला, दुसऱ्याचा घेतला, परत पहिल्याचा घेतला. उजव्याकडे बोट नेलं आणि मागे घेतलं. "मालनताई, तुम्ही सांगा."

मालनताई पुढे आली. पदराला हात पुसले, डोळे मिटले, वाफ नाकाशी ओढली. परत एकदा ओढली. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते.

"कळत न्हाई साहेब. तीळ बसवून तीन वर्सं झाली. हंड्याशी आल्यापासनं मी मापानं मीठ टाकती आन् देवीची माफी मागती. यात्रेच्या दिवशी बी मला कळलं न्हवतं. माझ्या हातनं तीन हजार माणसं..." तिने पदराने डोळे पुसले. मग ती ऋतुजाकडे वळली. "डाक्तर, माझा बंद करता येतो का गं?"

"येतो, मावशी. पण वजन वाढेल. आणि भूक अशी लागेल की तुम्ही मला शिव्या द्याल."

"लागू दे."

बाकीच्या तिघी मागे उभ्या होत्या. त्यातल्या एकीने हळूच स्वतःच्या मानेवर बोट ठेवलं. घोरपडे साहेबांनी चौघींकडे बघितलं, हातातल्या कागदाकडे बघितलं, आणि तो घडी घालून परत पाकिटात टाकला. विमा कंपनीला काय कळवायचं ते त्यांचं त्यांनी बघावं.

"उद्या सकाळी सहाला डोंगराच्या पायथ्याशी या," मी बायकांना म्हटलं. "गुडघं लई दुखतील. शिव्या तिला न्हाई, मला द्या."

घंटा सुरू झाली. मी कुणाला न विचारता डावं पातेलं उचललं आणि पुजाऱ्यांच्या हातात दिलं.